वेळास: कासव दिसलं नाही तर पैसे परत मिळत नाहीत

मार्चमधल्या एका शनिवारी कासवाची पिल्लं समुद्रात जाताना बघायला डोंबिवलीहून कोकणातल्या वेळासला निघालो. मी, नवरा, लेक आणि गुडघे धरलेल्या सासूबाई. माणगाव, म्हसळा करत बागमांडला, तिथून गाडीसकट फेरीबोटीने वेसवी, मग बाणकोट आणि वेळास. बोटीच्या रांगेतच पाऊण तास गेला, तेव्हा पहाटे निघा.

उतरलो ते हॉटेल नाही, घरच. पडवीत गाद्या, माजघरात पंगत, मागे माड-सुपारीची वाडी. माणशी नऊशे, त्यात चहा, नाश्ता, दोन वेळचं जेवण. संडास घरामागे आणि भारतीय पद्धतीचा. फोनवर हे विचारून घेतलं नाही ही चूक माझी, पण भोगलं सासूबाईंनी. जेवण शाकाहारी. मासे मिळतील म्हणून आलेल्या नवऱ्याने रात्री तोंड पाडलं आणि दुसऱ्या दुपारी कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी तीनदा वाढून घेतली.

किनाऱ्यावर जाळीचं कुंपण आहे, आत वाळूत पुरलेली घरटी, त्यांवर टोपल्या. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी रात्री येऊन शंभराच्या आसपास अंडी घालते आणि जाते ती जातेच. कोल्ही-कुत्री उकरू नयेत म्हणून गावकरी ती उचलून कुंपणात पुरतात. पूर्वी माणसंही न्यायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये इथलं काम सुरू केलं, २००६ पासून कासव महोत्सव. पिल्लं साधारण ४५ ते ५५ दिवसांनी वर येतात. यातला 'साधारण' नीट वाचा, कारण त्या संध्याकाळी टोपल्या उचलल्या तर खाली नुसती वाळू. आमच्याच घरी उतरलेल्या एका गृहस्थांनी यजमान काकांकडे चक्क पैसे परत मागितले. काका म्हणाले, "अहो, अंडी कासवीण घालते, मी नाही."

सकाळी सातला एका टोपलीखाली तीन निघाली. काळपट, बिस्किटाएवढी. दोरीपलीकडे सोडली तशी वल्ह्यांसारखे पाय मारत निघाली. एकाला लाटेने मागे फेकलं, ते उताणं पडलं. पाय हवेत. हात लावायचा नाही असं आधीच बजावलेलं. लेकीने माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. पुढच्या लाटेने त्याला सुलटं केलं आणि नेलं. वाळूवर रेघोट्या उरल्या, त्याही मिनिटभरच. एवढ्यातही एक जण फ्लॅश मारत होता, त्याला स्वयंसेवकाने झापलं ते बरं केलं.

आंघोळीला माणशी एक बादली. यावरून बरीच कुरकुर ऐकली, म्हणून सांगते. काकूंनी मला विहिरीत वाकून बघायला लावलं: तळाला हातभर पाणी. पावसाळ्यात इथे धो धो पडतो, पण इथला जांभा दगड ते पाणी धरून ठेवत नाही, आणि महोत्सवाची गर्दी नेमकी विहिरी आटायच्या दिवसांत. 'शॉवर बसवा' अशी सूचना करणाऱ्यांनी तो पोहरा दोनदा ओढून बघावा. येताना वाटेत एका नव्या रिसॉर्टच्या पाटीवर निळाशार स्विमिंग पूल रंगवलेला पाहिला. तो कुठल्या पाण्याने भरणार, देव जाणे.

रोख पैसे न्या, आमच्या फोनला रेंज नव्हती. संडासाचं सोडलं तर मी पुन्हा याच घरी उतरेन. निघताना काकूंनी एका हातात कोकमाच्या आगळाची बाटली दिली, दुसऱ्या हातात आमच्याच वेफर्सच्या पाकिटांची पिशवी. "ही पण न्या हो. इथे घंटागाडी येत नाही."