रेडिओवालं घड्याळ घेताय? आधी तो टॉवर कसा लुकलुकतो ते बघा

म्युनिकमध्ये पंचवीसेक युरोला टेबलावर ठेवायचं रेडिओ कंट्रोल्ड घड्याळ (रेडिओ सिग्नल पकडून आपोआप वेळ लावून घेणारं) घेतलं, ब्रँडचं नाव देत नाही कारण तोच माल इथे वेगवेगळ्या नावांनी विकतात. वेळ बरोबर दाखवतं का वगैरे विचारूच नका, सिग्नल मिळाला की सगळीच दाखवतात, स्वस्तातलं काय आणि महागातलं काय, सगळी त्याच डीसीएफ७७ वर, म्हणजे जर्मनीतून येणाऱ्या वेळेच्या रेडिओ सिग्नलवर चालतात. पण सिग्नल नीट मिळतोय का हे कळायला पाहिजे ना, आणि तिथे हे घड्याळ भारी आहे.

बऱ्याच घड्याळांत सिग्नल लागला की स्क्रीनवर नुसतं टॉवरचं चित्र येतं, आलं तर आलं नाही तर बसा वाट बघत. ह्यात मागचं वेव्हचं बटण दाबून धरलं की तो टॉवर सिग्नलच्या प्रत्येक ठोक्याला लुकलुकतो. फ्रँकफर्टजवळ माइनफ्लिंगेनला ट्रान्समीटर आहे, ७७.५ किलोहर्ट्झ, तिथून दर सेकंदाला सिग्नलची ताकद क्षणभर खाली येते, ०.१ सेकंद खाली राहिली तर शून्य, ०.२ राहिली तर एक, असं मिनिटभर जोडत गेलं की तास मिनिट तारीख सगळं मिळतं. जरा टक लावून बघितलं तर छोटी लुकलुक आणि मोठी लुकलुक वेगळी कळते, आणि ५९व्या सेकंदाला ठोकाच नसतो, तिथे टॉवर गप्प बसतो आणि मग नवीन मिनिट सुरू. तो गॅप स्वच्छ दिसला की रिसेप्शन एक नंबर. (बायकोला हाक मारून दाखवला, तिने "बरं" म्हणून चहा टाकला.)

बाजूला सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या तीन काड्या पण आहेत, त्यांच्यावर विसंबू नका. लॅपटॉपचा चार्जर शेजारी ठेवला तर तिन्ही काड्या फुल आणि टॉवर मात्र वेड्यासारखा फडफडतो, म्हणजे घड्याळ चार्जरचा कचराच मोजत बसलंय. एलईडी दिवे, मॉनिटर ह्यांचंही तेच, मीटर-दोन मीटर तरी लांब ठेवा. दिशेचं पण आहे, आत अँटेना म्हणून फेराइटचा आडवा रॉड असतो, त्याचं टोक ट्रान्समीटरकडे झालं की सिग्नल गायब, म्हणून घड्याळाचं तोंड किंवा पाठ तिकडे करायची. आमच्याकडून ते वायव्येला, तीनशे किलोमीटरच्या आतच, तरी सिमेंटच्या भिंतींमुळे आतल्या खोलीत बोंब आणि खिडकीत लगेच लागतं. गच्चीवर दूरदर्शनचा अँटेना फिरवत "आलं काऽऽ" ओरडलेल्या पब्लिकला हे शिकवायला नको. दिवसा नाहीच लागलं तर रात्रभर खिडकीत ठेवून द्या, रात्री सिग्नल लांबवर पोचतो आणि घरातली निम्मी यंत्रं पण बंद असतात.

तक्रार एकच, शेवटचं सिंक किती वाजता झालं ते दाखवत नाही. एकदा लागलं की टॉवर दिवसभर तसाच उभा, मधे रिसेप्शन गेलं तरी कळत नाही, परत बटण दाबून बघावं लागतं. ह्याचा एक स्टार कापला.

आणि प्लीज, हे पुण्याला आईबाबांना गिफ्ट म्हणून नेऊ नका. डीसीएफ७७ साधारण २००० किलोमीटरपर्यंत, आणि भारतात असं लाँगवेव्हवर वेळ देणारं स्टेशनच नाही, तिकडे ते साधं क्वार्ट्झ घड्याळ होणार. काट्यांवालं तर अजिबात नको, त्यातली बरीच सेल घातला की काटे बारावर नेऊन सिग्नलची वाट बघत बसतात. लंडनवाल्यांनी खोक्यावर एमएसएफ (ब्रिटनचा स्वतःचा वेळेचा सिग्नल) लिहिलंय का बघा, ते ६० किलोहर्ट्झवर अँथॉर्नहून येतं. डीसीएफ७७ तिथेही लागतं पण वेळ एक तास पुढची, त्यामुळे टाइमझोन बदलायची सोय असेल तरच घ्या.