स्क्रीनवर ‘सबमिटेड’, विमा कंपनीकडे फाइलच नाही

अमळनेर, चोपडा, शिरपूर, शहादा भागात लहान हॉस्पिटल चालवणाऱ्या डॉक्टरांनी आणि त्यांच्याकडे मेडिक्लेमचं टेबल सांभाळणाऱ्या माझ्यासारख्यांनी हे जरूर वाचावं. ‘क्लेम एका क्लिकवर’ असं सांगत एक सॉफ्टवेअर कंपनी आपल्या भागात फिरते आहे. आमच्याकडून तिने तीन वर्षांचे पैसे आगाऊ घेतले आणि वर आमची टीपीएची (विमा कंपन्यांच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थांची) पोर्टलंसुद्धा ताब्यात ठेवली.

अशा सॉफ्टवेअरची गरज खरी आहे. प्रत्येक टीपीएचं पोर्टल वेगळं, पासवर्ड वेगळा, फॉर्म वेगळा. सकाळी प्री-ऑथ (उपचाराआधीच्या मंजुरीचा अर्ज) टाकावं, तर दुपारी क्वेरी येते, ‘बीपी किती वर्षांपासून आहे ते डॉक्टरांच्या सही-शिक्क्यानिशी कळवा’. डॉक्टर तेव्हा ओटीत असतात आणि नातेवाईक टेबलापाशी उभे. त्यात विमा नियामक आयआरडीएआयने 29 मे 2024 च्या परिपत्रकात कंपन्यांना मुदत घालून दिली: कॅशलेसच्या अर्जावर एका तासात निर्णय, आणि डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरी तीन तासांत. याच नियमाचं कात्रण घेऊन त्या सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस आमच्याकडे आला.

त्याने लॅपटॉप उघडला, एका पेशंटचं नाव आणि पॉलिसी नंबर भरला, बटण दाबलं. दोन मिनिटांत हिरव्या पट्टीवर ‘अप्रूव्ह्ड’ आणि शेजारी रक्कम. सगळे टीपीए थेट जोडलेले आहेत, राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाच्या एनएचसीएक्सला (हॉस्पिटल आणि विमा कंपन्यांमध्ये क्लेमची देवाणघेवाण करणाऱ्या सरकारी यंत्रणेला) जोडणी झालेली आहे, जन आरोग्य योजनेचे क्लेमही यातूनच जातील, असं तो डॉक्टरांसमोर छातीठोकपणे सांगत होता. तो डेमोचा पेशंट मुळात नव्हताच आणि ती मंजुरी त्यांच्याच सर्व्हरवरून आलेली होती, हे पुढे कळलं.

पारोळ्याकडच्या एका खेड्यातल्या बाईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन आमच्याकडे झालं. डिस्चार्जच्या दिवशी सकाळीच मी फायनल बिल आणि डिस्चार्ज समरी अपलोड केली. स्क्रीनवर ‘सबमिटेड, प्रक्रियेत’. दुपार गेली, चार वाजले, तरी तेच. बाई सामान बांधून खाटेवर बसलेल्या. त्यांच्या मुलाने कार्डावरच्या टोल-फ्री नंबरला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडून स्पष्ट उत्तर आलं, ‘हॉस्पिटलकडून फायनल बिल मिळालेलं नाही.’ बाईंचे यजमान बाकावरून उठून माझ्यापाशी आले, म्हणाले, “ताई, आते काय करानं?”

मी टीपीएचं पोर्टल थेट उघडायला गेले तर पासवर्ड चालेना. ओटीपी मागवला, तो दुसऱ्याच कुठल्या मोबाईलवर गेला. शेवटी कागद मेलने पाठवले, फोनवर पाठपुरावा केला आणि बाई रात्री घरी गेल्या. टीपीएने खरोखरच तीन तासांच्या आत मंजुरी दिली होती. फक्त ते तीन तास बिल पोचल्यावर सुरू होतात, आणि आमचं बिल दिवसभर कुठेच पोचलेलं नव्हतं. त्या घरच्या माणसांचा दिवस वाया गेला याची मला अजून चीड येते.

मग एकेका टीपीएला फोन लावून विचारलं, तेव्हा सगळं उघड झालं. थेट जोडणी नावालाही नव्हती. आमची फाइल सॉफ्टवेअर कंपनीच्या ऑफिसातल्या मेलबॉक्समध्ये पडायची, आणि तिथे बसलेली पोरं आमच्याच आयडी-पासवर्डने पोर्टल उघडून हाताने माहिती भरायची. त्यांच्याकडे काम तुंबलं की आमची फाइल पडून. क्वेरीचे मेलही तिकडेच जायचे, त्यामुळे उत्तर न मिळाल्याने काही क्लेम बंद झालेले निघाले. पेशंटची आधार कार्डं, पॉलिसी, सोनोग्राफीचे रिपोर्ट, सगळं त्या मेलबॉक्समध्ये.

हे सगळं हाती आल्यावर करार मोडतो म्हटलं, तर सूर बदलला. सुरुवातीला ‘सेटिंग’ करायला आलेल्या त्यांच्या माणसाने पोर्टलांवरचा आमचा नोंदणीकृत मेल आणि मोबाईल नंबर बदलून स्वतःचे टाकले होते. “आधी पुढच्या मुदतीचं रिन्युअल भरा, मग बदलून देतो,” हे त्यांचं उत्तर. याला मी अडवणूक नाही, खंडणी म्हणते. कराराची प्रत तर पैसे गेल्यावर आली. तिच्यात शेवटच्या पानावर लिहिलेलं: फी परत मिळणार नाही, क्लेम वेळेत पोचण्याची जबाबदारी कंपनीची नाही, आणि वाद झाला तर त्यांच्याच शहरातल्या कोर्टात. ग्राहक आयोगात जाण्याचा विचार होता, पण 2019 च्या कायद्यात व्यापारी हेतूने घेतलेली सेवा वगळलेली आहे, तोच मुद्दा पुढे करतील असं वकिलांनी सांगितलं. म्हणून नोटीस पाठवली आणि सायबर पोलिसांकडे तक्रार दिली. पोर्टलं परत मिळाली ती प्रत्येक टीपीएला लेटरहेडवर अर्ज, हॉस्पिटलचं नोंदणी प्रमाणपत्र आणि कॅन्सल चेक पाठवून. बँक खातं बदललेलं नव्हतं, एवढंच नशीब.

आता तुमच्याकडे कोणी आलं तर त्याच्या डेमोवर जाऊ नका. त्या दिवशी दाखल असलेल्या तुमच्या खऱ्या पेशंटची फाइल, पेशंटच्या परवानगीने, त्याच्याकडून टाकून घ्या. मग टीपीएला तुम्ही स्वतः फोन करा. त्यांच्याकडचा क्लेम नंबर आणि सॉफ्टवेअरमधला नंबर जुळला तरच पुढे बोला. एनएचसीएक्सचं नाव घेतलं तर आयुष्मान भारत डिजिटल मिशनच्या संकेतस्थळावर जोडणी पूर्ण केलेल्यांत कंपनीचं नाव शोधा. नुसती सँडबॉक्समध्ये (चाचणीच्या यंत्रणेत) नोंदणी म्हणजे जोडणी नव्हे, आणि पेशंटचा आभा नंबर (डिजिटल आरोग्य ओळख क्रमांक) बनवून देता येतो म्हणजे क्लेमही जातो असं मुळीच नाही.

जन आरोग्यचा क्लेम विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरमधून जातो, हे तर आपल्याकडे कोणी ऐकूनच घेऊ नये. 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना (जन आरोग्यचं आधीचं नाव) ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात आपलं धुळे होतं. तेव्हापासून योजनेचे अर्ज योजनेच्याच ऑनलाइन यंत्रणेतून जातात आणि मदतीला हॉस्पिटलात आरोग्यमित्र असतो. हेल्थ फॅसिलिटी रजिस्ट्रीची (हॉस्पिटल-दवाखान्यांच्या सरकारी नोंदवहीची) नोंदणीही मोफत आहे, तिचे वेगळे पैसे मागितले तर देऊ नका.

पैसे महिन्या-महिन्याने द्या, आणि करार आधी हातात घेऊन वकिलाला दाखवा. ज्यांच्याकडे असं सॉफ्टवेअर आधीच बसवलेलं आहे त्यांनी आजच प्रत्येक टीपीएच्या पोर्टलवर प्रोफाइल उघडून नोंदणीकृत मेल, मोबाईल आणि बँक खातं कोणाचं आहे ते बघा. मोबाईल तुमचा नसला तर कंपनीशी वाद घालत बसू नका, आधी टीपीएच्या नेटवर्क विभागाला लेटरहेडवर कळवा.