बालीतील घरगुती संस्कार आणि रस्त्यावरचे वादन : नाशिकहून केलेल्या सहलीचा अभिप्राय

गंगापूर रोडवर कार्यालय असलेल्या एका सहल कंपनीबरोबर आम्ही पती-पत्नी आठ दिवस बालीला जाऊन आलो. हॉटेल, बस आणि शाकाहारी जेवण यांविषयी काहीही तक्रार नाही. सहलीच्या पत्रकात ‘स्थानिक कुटुंबाच्या संस्कारास उपस्थिती’ असे ठळक छापले होते आणि आम्ही तेवढ्यासाठीच ही सहल निवडली असल्यामुळे अभिप्रायही त्याच बाबीपुरता लिहीत आहे.

त्यातील पहिला भाग कंपनीने फार जबाबदारीने पार पाडला. निघण्यापूर्वी नाशिकमध्येच बैठक घेऊन कमरेला गुंडाळायचे कामेन, त्यावर बांधायचा शेला, यजमानांना द्यायचे पाकीट आणि मोबाइल कधी बाहेर काढू नये, हे सर्व नीट समजावून सांगितले.

उबुडजवळच्या एका घरी मुलीचा मेपांडेस संस्कार होता. वयात आलेल्या मुलामुलींचे वरचे सहा दात, म्हणजे चार पटाशीचे आणि दोन सुळे, यात कानशीने हलकेच घासून एका ओळीत आणतात. हे सहा दात षड्रिपूंचे प्रतीक मानले जातात. आमच्या वाटाड्याने ‘सद् रिपू’ हा शब्द उच्चारताच गटातील सर्वांनी माना वर केल्या, कारण काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर ही पुढची नावे त्याने सांगण्याआधीच आम्हाला पाठ होती. पिवळ्या-पांढऱ्या वस्त्रांतील ती मुलगी गादीवर आडवी झाली, तोंड उघडे राहावे म्हणून दातांमध्ये उसाचा तुकडा ठेवला गेला आणि घासलेल्या दातांचा चुरा ती मधूनमधून पिवळ्या शहाळ्यात थुंकू लागली. ते शहाळे नंतर घरच्या देवळामागे पुरतात. आईने तिचे पाय शेवटपर्यंत धरून ठेवले होते.

शेजारी गेंडेर वायांगचे वादन चालू होते. कांस्याच्या दहा पट्ट्यांचे हे वाद्य दोन्ही हातांतील टोल्यांनी वाजवतात आणि नाद लांबू नये म्हणून वाजवलेली पट्टी लगेच त्याच हाताने दाबतात. जोडीतील दोन वाद्ये मुद्दाम किंचित निराळ्या सुरांत लावलेली असल्यामुळे हवेत एक थरथर उमटते, तिला तिथे ‘ओंबाक’, म्हणजे लाट म्हणतात. इतका कोमल नाद मी आजवर कोणत्याही घरगुती कार्यात ऐकलेला नाही.

दुसऱ्या भागात मात्र कंपनीने घोर निराशा केली. सहाव्या दिवशी एका गावातून न्गाबेन, म्हणजे अंत्यसंस्काराची मिरवणूक निघाली. अशा मिरवणुकीत आम्हाला उभे राहू देणे हा त्या गावाचा मोठेपणा होता. पुढे बेलेगांजूर, म्हणजे मिरवणुकीत चालत वाजवायचा झांजा, ढोल आणि घंटांचा ताफा, वाजत होता. नाशिक ढोलावर वाढलेल्या माणसाला मिरवणुकीतला दणदणाट नवीन नसतो, पण आपल्याकडे सगळे ढोल एकदम पडतात, तर इथे झांजा वाजवणारा प्रत्येक जण दुसऱ्याने सोडलेल्या जागेत आपला ठोका भरतो, आणि त्या ठोक्यांची अशी वीण होते की एकटा कोण काय वाजवतो हे ऐकू येत नाही. चौकात आल्यावर मृतदेह ठेवलेला खांद्यावरचा उंच मनोरा तीन वेळा फिरवला गेला; आत्म्याला परतीची वाट सापडू नये, ही त्यामागची समजूत.

आणि नेमके तेव्हाच, अग्नी देण्याच्या कितीतरी आधी, व्यवस्थापकांनी सर्वांना बसमध्ये बसवले, कारण खरेदीच्या दुकानाची वेळ ठरलेली होती. रामकुंडावर आप्तांच्या अस्थी विसर्जित केलेल्या माणसांना असा निरोप अर्धवट टाकून उठवणे मला अतिशय क्लेशकारक वाटले. परतल्यावर लेखी तक्रार दिली. ‘कार्यक्रम आधीच छापलेला होता’ एवढेच उत्तर मिळाले.

म्हणून आरक्षण करताना संस्काराच्या दिवशी दुसरे काहीही ठेवणार नाही, असे लेखी घ्यावे. रस्त्यावरचे वादनच ऐकायचे असेल तर न्येपीची, म्हणजे बालीतील नववर्षाच्या मौनदिनाची, आदली संध्याकाळ निवडावी. तेव्हा गावोगावी ओगोह-ओगोह या राक्षसांच्या प्रचंड प्रतिमा वाजतगाजत निघतात. न्येपी बहुधा मार्चमध्ये येते आणि त्या दिवशी देनपसारचा विमानतळही 24 तास बंद असतो, त्यामुळे परतीचे तिकीट किमान दोन दिवस पुढचे असावे.