सिग्मा की पाय? ठरवायचं कशावरून

सहसंयुज बंधांचा, म्हणजे अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेतल्याने होणाऱ्या बंधांचा, धडा झाला की त्यांच्या दोन प्रकारांबद्दल बहुतेकांच्या डोक्यात एक ओळ पक्की बसते: सिग्मा (σ) मजबूत, पाय (π) कमजोर. सीईटी-नीटच्या एखाद्या प्रश्नात ती कामी येतेही. पण समोरच्या रेणूत कोणता बंध कोणता आणि रेणूचं वागणं कोणामुळे, हे ठरवायचं असेल तर मजबुतीपासून सुरुवात करू नका. आधी दिशा बघा.

दोन केंद्रकांना जोडणारी रेषा मनात ओढा. ऑर्बिटलं, म्हणजे अणूभोवती इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता जास्त असलेले भाग, त्या रेषेवर समोरासमोर येऊन एकमेकांत शिरली, तर तो सिग्मा. इलेक्ट्रॉनांची दाटी त्या रेषेवरच असते. हायड्रोजनमध्ये एस आणि एस, हायड्रोजन क्लोराइडमध्ये एस आणि पी, फ्लोरीनमध्ये पी आणि पी. जोड्या वेगळ्या, पण बंध तिन्हीकडे सिग्माच. पाय बंधात डमरूसारखी पी ऑर्बिटलं समांतर उभी राहून कडेने मिसळतात. दाटी रेषेच्या वर आणि खाली होते, प्रत्यक्ष रेषेवर शून्य. एस ऑर्बिटल गोल आणि सगळीकडून सारखं, त्यामुळे त्याचा पाय बंध होत नाही. नेहमीच्या सेंद्रिय रेणूत हायड्रोजनचा बंध दिसला की सिग्मा लिहून मोकळं व्हा.

मोजणी सोपी आहे. एकेरी बंध सिग्मा, दुहेरीत एक पाय जास्त, तिहेरीत दोन. इथिलीनमध्ये ५ सिग्मा आणि १ पाय, बेंझीनमध्ये १२ आणि ३.

प्रश्न आकाराचा असेल तर पाय बाजूला ठेवा. मधल्या अणूभोवतीचे सिग्मा बंध आणि एकाकी जोड्या (बंधात न गुंतलेल्या इलेक्ट्रॉनांच्या) मोजा, संकरण, म्हणजे अणूची ऑर्बिटलं आपसात कशी मिसळतात ते, त्यावरून ठरतं. इथिलीनच्या कार्बनला तीन सिग्मा म्हणून कोन १२० अंशांच्या आसपास, अॅसिटिलीनच्या कार्बनला दोन म्हणून १८०.

प्रश्न फिरण्याचा असेल तर मात्र सगळा भार पायवर. इथेनमधला कार्बन-कार्बन बंध फिरवायला मोलमागे सुमारे १२ किलोज्यूल लागतात, ते साध्या तापमानालाही सहज मिळतात. इथिलीनसारख्या दुहेरी बंधाला पीळ द्यायचा तर समांतर ऑर्बिटलं एकमेकांना आडवी होतात, पाय तुटतो आणि अडथळा अडीचशे किलोज्यूलच्या पुढे जातो. शेंगदाणा तेलातलं ओलेइक आम्ल, ज्याच्या साखळीत असा एक दुहेरी बंध आहे, १३-१४ अंश सेल्सिअसला वितळतं. त्याचंच ट्रान्स रूप (साखळीचे दोन भाग दुहेरी बंधाच्या विरुद्ध बाजूंना), इलाइडिक आम्ल, ४५ अंशांच्या आसपास. रेणुसूत्र एकच, फरक फक्त पायने जखडलेल्या वळणाचा. निकेल वापरून हायड्रोजन जोडला आणि तो पाय काढूनच टाकला, की उरतं स्टिअरिक आम्ल. ते ६९ अंशांला वितळतं. वनस्पती तूप घट्ट होतं ते याच कारणाने.

आता मजबुती. कार्बन-कार्बन एकेरी बंधाची सरासरी ऊर्जा मोलमागे सुमारे ३४८ किलोज्यूल, दुहेरीची ६१४. म्हणजे पायच्या वाट्याला २६६. इथपर्यंत पाठ केलेली ओळ खरी ठरते. पण कार्बन-ऑक्सिजन घ्या: एकेरी ३५८, दुहेरी ७४५. इथे पायचा वाटा ३८७, सिग्मापेक्षा जास्त! नायट्रोजनमध्ये एकेरी बंध १६०च्या आसपास, तिहेरी ९४५. ही वजाबाकी अंदाजाचीच, कारण दुहेरी बंधात अणू जवळ येतात आणि सिग्माही बदलतो. तरी फरक इतका मोठा आहे की नियम सरसकट वापरता येणार नाही. फ्लोरीनचा बंध तर शुद्ध सिग्मा, आणि ऊर्जा जेमतेम १५८. लहान अणूंवरच्या एकाकी जोड्या इतक्या जवळून एकमेकींना ढकलतात की सिग्मा असूनही तो बंध कमजोर राहतो.

म्हणून मी मजबुतीऐवजी अणूचा आकार विचारात घ्यायला सांगेन. कडेने मिसळायला अणू अगदी जवळ हवेत. कार्बन आणि ऑक्सिजन लहान, म्हणून कार्बन डायऑक्साइड दोन दुहेरी बंधांचा सुटा रेणू आणि वायू. सिलिकॉन मोठा, त्याचा पाय नीट जमत नाही. तो चार ऑक्सिजनांशी एकेरी बंध करतो आणि आपल्या हातात येते ती वाळू. सिलिकॉन-सिलिकॉन दुहेरी बंधाचं स्थिर संयुग मिळायला १९८१ साल उजाडलं, तेही अवजड गटांनी त्याला चहूबाजूंनी झाकल्यावर.

अभिक्रिया कुठे होईल, याचं उत्तर बहुधा पायकडेच असतं. ब्रोमीनचा रंग इथिलीनमध्ये उडतो, इथेनमध्ये अंधारात तसाच राहतो. कार्बोनिलचा (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाच्या गटाचा) पाय भक्कम असूनही हल्ला तिथेच होतो, कारण ऑक्सिजन इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि कार्बन उघडा पडतो.

तरीही गोंधळ राहिला तर केंद्रकांच्या रेषेतून जाणारी, दाटी शून्य असलेली प्रतलं मोजा. सिग्मात एकही नाही, पायमध्ये एक. दोन असतील तर तो डेल्टा, डी ऑर्बिटलांच्या चारही पाकळ्या समोरासमोर मिसळून होणारा. १९६४ मध्ये एफ. ए. कॉटन यांच्या गटाने दोन ऱ्हेनियम आणि आठ क्लोरीन असलेल्या आयनात असा चौपदरी बंध दाखवला: एक सिग्मा, दोन पाय, एक डेल्टा. त्यात दोन्ही टोकांचे क्लोरीन, एकमेकांना ढकलत असूनही, बरोबर समोरासमोर उभे असतात. ४५ अंश फिरले तर डेल्टा नाहीसा होईल.