वर्षभराच्या अ‍ॅनिमे सबस्क्रिप्शननंतर: सबटायटलमध्ये ‘दादा’ कुठे जातो?

गेल्या मंगळवारी बँकेचा मेसेज आला. अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिका, दाखवणाऱ्या अ‍ॅपचे पुढच्या वर्षाचे पैसे खात्यातून गेले होते. ऑटोपे मीच चालू ठेवला होता. पैसे कापायच्या चोवीस तास आधी सूचना यावी लागते, तीही आली होती, पण ऑफरच्या मेसेजखाली दबून गेली. तासाभरात कस्टमर केअरला चॅटवर लिहिलं की नव्या वर्षातला एकही भाग पाहिलेला नाही, पैसे परत करा. नूतनीकरण झालं की परतावा नाही, असं उत्तर आलं. तीन वेगवेगळ्या माणसांनी तेच वाक्य चिकटवलं. रक्कम फार मोठी नाही, पण न विचारता गेलेला पैसा मला टोचतो. आता पैसे गेलेच आहेत तर वर्षभराचा अनुभव तरी लिहितो.

प्लॅन कोणते, किती स्क्रीन चालतात हे सगळ्यांना माहीत आहे. मोबाईलवर अ‍ॅप नीट चालतं. टीव्हीवर मागचा भाग शोधायला फार वेळ लागतो, तेवढं सोडलं तर ठीक. माझी खरी तक्रार एकच आहे आणि ती सबटायटलची आहे.

मी जपानी आवाज आणि इंग्रजी सबटायटल लावून पाहतो. सुरुवातीला कानाला काही कळत नव्हतं. दोन-तीन महिन्यांनी कान तयार झाले, आणि मग खालच्या ओळी खटकायला लागल्या. ‘डेमन स्लेयर’ मालिकेत नेझुको भावाला ‘ओनी-चान’ म्हणते, म्हणजे आपला ‘दादा’. खाली कितीदा तरी नुसतं नाव येतं. नावापुढे मानानं किंवा सलगीनं लावायचे ‘सान’, ‘कुन’, ‘सामा’ तर बहुतेक वेळा गळूनच जातात. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’, त्यामुळे कोण कोणाला मान देतं, कोण कोणाशी सलगीनं बोलतं, हे वाचून समजत नाही. आपल्याकडे ‘तू’चं ‘तुम्ही’ झालं तर घरात काहीतरी बिनसलंय हे शेजाऱ्यालाही कळतं. कन्नडमध्येही ‘नीनु’ आणि ‘नीवु’ वेगळे. बेळगावात वाढलेल्याला हे शिकवावं लागत नाही. ‘हायक्यू’ या शाळेतल्या व्हॉलीबॉलच्या मालिकेत हिनाता वरच्या वर्गातल्या निशिनोयाला ‘सेन्पाई’, म्हणजे सीनियर, म्हणतो आणि तेवढ्यावर निशिनोया खूश होऊन आईसकँडी द्यायला तयार होतो. तो एक शब्द गाळला तर तो प्रसंगच उरत नाही.

हे माझ्या आधी आईच्या लक्षात आलं. तिला इंग्रजी वाचता येत नाही. मी ‘फ्रीरेन’ बघत होतो, म्हणजे फ्रीरेन नावाची जादूगार, तिची शिष्या फर्न आणि सोबती श्टार्क यांच्या प्रवासाची मालिका. आई शेजारी शेंगा सोलत बसली होती. चौदाव्या भागात श्टार्कनं वाढदिवसाची भेट आणलेली नसते म्हणून फर्न रुसते. आई मध्येच म्हणाली, “हा सामा कोण रे? फ्रीरेन सामा, श्तारुकु सामा. सगळे एकाच आडनावाचे काय?”

मी सांगितलं, ते आडनाव नव्हे, मानानं बोलवायची रीत आहे. श्टार्क जवळपास फर्नच्याच वयाचा आहे, तरी ती त्याला ‘सामा’ लावते.

“म्हणजे अहो-जाहो करालीय की ती,” आई म्हणाली. “रुसलीय खरं मान सोडत नाही.”

अ‍ॅपच्या सबटायटलनं वर्षभरात फर्नबद्दल इतकं नेमकं मला काही सांगितलं नव्हतं.

इथवर वाचून वाटेल की मी डबिंगच्या विरोधात आहे. होतो. हिंदी डब म्हणजे लहान मुलांसाठी, असं मी मित्रांना कितीदा तरी ऐकवलंय. मग 12 सप्टेंबर 2025 ला ‘डेमन स्लेयर: इन्फिनिटी कॅसल’ भारतात लागला. जपानी, इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू अशा पाच भाषांत. मराठी नाही, कन्नडही नाही. आमच्या सुट्टीला जमणारा शो हिंदीच होता, म्हणून नाइलाजानं गेलो. पण ‘आप’, ‘तुम’, ‘तू’ कानावर पडायला लागले आणि मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. हिंदीला ते टाळताच येत नाही, माणूस बोलायला लागला की नातं ठरवावंच लागतं. तेव्हापासून अ‍ॅपवर ज्या मालिकांना हिंदी डब आहे त्यांचा एखादा भाग तरी हिंदीत लावून बघतो. मूळ आवाज मला अजूनही जास्त आवडतात, पण डबला नावं ठेवणं सोडलंय.

याच सिनेमामुळे बंगळूरच्या कॉन्व्हेन्शनला, म्हणजे चाहते आवडत्या पात्रांचा वेश करून जमतात त्या मेळाव्याला, जायचं ठरलं. मी ‘डेमन स्लेयर’मधल्या गियू तोमिओकाचा वेश केला. त्याचा हाओरी, म्हणजे वरचा अंगरखा, अर्धा मरून आणि अर्धा हिरव्या-पिवळ्या-केशरी नक्षीचा असतो. तयार पोशाख महाग पडत होता. मरून बाजूला आईची जुनी साडी घेतली, नक्षीचं कापड खडेबाजारात मिळालं, शिवायला शहापूरला दिलं. शिंप्याकाकांनी कापड उलटसुलट करून विचारलं, “दोन तऱ्हेचं का? कापड कमी पडलं काय?”

म्हटलं, “नाही काका. एक बाजू त्याच्या बहिणीची, दुसरी मित्राची. बहीण त्याला वाचवताना गेली. मित्रानंही त्याला वाचवलं, आणि मग तोही गेला. म्हणून तो दोघांचं एकत्र शिवून घालतो.”

काका काही बोलले नाहीत. अंगरखा आणायला गेलो तेव्हा बघितलं, साडीचा काठ त्यांनी कापला नव्हता. आतून दुमडून, बारीक टाक्यांनी, तसाच ठेवला होता.

कॉन्व्हेन्शनबद्दल थोडक्यात: रात्रीची स्लीपर बस, पाचशे किलोमीटर, व्हाइटफील्डला भली मोठी रांग. पुठ्ठ्याची तलवार दारात तपासून घ्यावी लागते. आत पाण्याच्या बाटलीला बाहेरच्या दुप्पट पैसे, ते मला अजिबात पटलं नाही. जेवणावर खर्च केला नाही, घरची चपाती आणि शेंगाचटणी होती. फिगर, म्हणजे पात्रांच्या छोट्या मूर्ती, बघितल्या, किमती विचारल्या, एक कीचेन घेतली.

पण दुपारी सात-आठ वर्षांचा एक मुलगा आईचा हात सोडून धावत आला आणि अंगरख्याचं टोक धरून म्हणाला, “अण्णा, ओंदु फोटो!” कन्नडमध्ये अण्णा म्हणजे दादा. ना ओळख, ना पाळख, पोरानं पहिल्याच शब्दात नातं जोडलं. या प्रसंगाचं इंग्रजी सबटायटल केलं असतं तर तो ‘अण्णा’ खालच्या ओळीत आलाच नसता, हे मला तिथेच उभ्या उभ्या वाटलं. फोटोत त्याच्या आईनं माझ्या अंगरख्याचा काठ दिसेल असं उभं केलंय.

अ‍ॅपच्या अभिप्रायाच्या रकान्यात मी लिहिलंय: मराठी आणि कन्नड सबटायटल द्या, तोवर इंग्रजीत ‘सान’ आणि ‘सामा’ तरी ठेवा. उत्तर आलेलं नाही. ऑटोपे बंद केला. पैसे भरलेलेच आहेत, म्हणून ‘फ्रीरेन’चा पहिला सीझन, सगळे 28 भाग, आईसाठी पुन्हा लावलाय. सबटायटल बंद ठेवतो आणि मीच मोठ्यानं मराठीत सांगत जातो. फर्नचं बोलणं आलं की अडखळतो. श्टार्कला काय म्हणायचं हे काल आईनंच ठरवलं: श्टार्कराव.