पंक्चर काढायला गेलो आणि टायर बदलून आलो, वाईजवळच्या टायरवाल्या काकांचा अनुभव

सुरूर फाट्यावरून वाईकडे वळलं की रस्त्याला एक पत्र्याचं शेड आहे, बोर्ड पण धड नाही, पण टायरचं काम असेल तर मी आता दुसरीकडे कुठंही जाणार नाही.

झालं असं की पुण्याहून येताना रात्री खंबाटकी घाटात वॅगनारचा पुढचा डावा टायर बसला. आई आणि मुलं गाडीत, मागून ट्रकवर ट्रक, वळणावर थांबायची भीती वाटली म्हणून तशीच हळूहळू घाट उतरवून खालच्या वेळे गावापर्यंत आणली आणि तिथं उजेडात स्टेपनी टाकली. सकाळी बघतो तर बारीकसा खिळा, तोही बरोबर मधोमध, म्हटलं दीडशे रुपयांचं काम.

काकांनी टायर रिमवरून काढून जमिनीवर आपटला तर आतून चहाच्या पत्तीसारखा काळा भुगा पडला. "दादा, बाहेरनं बघू नका, हात घाला आत." हात घातला तर साईडला आतून गोल पट्टाच्या पट्टा खरबरीत झालेला, एका ठिकाणी तर रबराच्या आतले दोरे बोटाला लागत होते. हवा नसताना गाडी चालवली की साईड रिमखाली चेंगरते आणि आतनं सोलवटते, बाहेरून काहीच कळत नाही. खिळ्याचं भोक बुजवता येतं, पण तुटलेले दोरे कोण जोडणार, आणि असा टायर हायवेला तापला की साईडनं फुटतो. मी दोनदा म्हटलं काका नक्षी अजून अर्धी आहे, मारा की पॅच, पण त्यांनी साफ नाही सांगितलं.

आणि हेच काका मागच्या टायरला मात्र वाचवतात! त्यात पूर्वी बोल्ट घुसलेला, एका दुकानात बाहेरून दोरी भरून दिलेली, हवा रोज उतरायची आणि तिथलेच नंतर म्हणाले हा गेला, नवीन घ्या. काकांनी बघितलं, भोक नक्षीच्या पट्ट्यात, कडेपासून लांब, 6 मिमीच्या आत. दोरी उपटली, आतून घासून सोल्युशन लावून मशरूम पॅच (देठ भोकात, टोपी आतून चिकटलेली) बसवला, टबात बुडवून दाखवला, एक बुडबुडा नाही. 250 रुपये. महिना झाला, हवा जागची हललेली नाही.

नवीन मात्र दोन घेतले (साईज 165/70 आर 14), एका ॲक्सलला, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या दोन्ही चाकांना, जोडी सारखी हवी म्हणून. ते मागे टाकले आणि मागचे पुढे, कारण पावसात मागची चाकं सुटली की गाडी गरकन फिरते आणि मग सावरता येत नाही. पुढचा जो चांगला होता तो स्टेपनीला गेला. जुन्या स्टेपनीवर 1219 लिहिलेलं, म्हणजे 2019 च्या 12व्या आठवड्यातला माल, वापर नाही तरी कडेला भेगा. असा टायर घेऊन मी इतकी वर्षं निर्धास्त फिरत होतो, अंगावर काटा आला.

कमी काय तर चाकं सरळ रेषेत लावायचं, अलाइनमेंटचं मशीन नाही, त्यासाठी साताऱ्याला जावं लागलं, आणि बसायला एकच बाकडं, म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाऊ नका. टायरचं पक्कं बिल देतात. रविवारी दुपारपर्यंतच उघडं असतं, आणि जाताना स्टेपनी पण काढून दाखवा, ती बघायचे पैसे घेत नाहीत.