यकृताच्या कर्करोगपेशींसाठी एलएनए गॅपमर: घ्यावेत का, आणि काय तपासून

सर्व्हायव्हिनसारखं, पेशीविभाजनाला लागणारं प्रथिन बनवणारं जनुक गप्प करून यकृताच्या कर्करोगपेशींची वाढ मंदावते का, हे पाहायचं असेल तर तयार मिळणाऱ्या अँटीसेन्स रेणूंमध्ये (जनुकाच्या एमआरएनए या संदेशाला जुळून तो निकामी करणारे छोटे तुकडे) १६ बेसचे एलएनए गॅपमर आम्ही आधी सुचवू. दोन्ही टोकांना तीन-तीन एलएनए (घट्ट जुळण्यासाठी बदललेले बेस-घटक), मध्ये दहा डीएनए बेस, कणा फॉस्फोरोथायोएटचा, म्हणजे गंधक घालून टिकाऊ केलेला. टोकं एमआरएनएला घट्ट धरतात, आणि मधल्या डीएनएशी जुळलेला एमआरएनएचा भाग पेशीतलं आरनेज एच१ कापून टाकतं. हे एन्झाइम केंद्रकातही असल्यामुळे तिथेच राहणाऱ्या लांब आरएनएवरही गॅपमर चालतो. एसआयआरएनए (जनुक गप्प करणारा दुपदरी छोटा आरएनए) तिथे बऱ्याचदा कमी पडतो.

एचपीएलसीने (रेणू वेगळे करण्याच्या पद्धतीने) शुद्ध केलेला, सोडियम क्षाराच्या रूपातलाच माल मागवा. अमोनियमचे अंश राहिले तर पेशी त्यानेच मरतात आणि परिणाम अँटीसेन्सचा वाटतो. सलग चार ‘जी’ (ग्वानिन बेस) असलेला क्रम घेऊच नका. असे रेणू चौपदरी रचना करून प्रथिनांना चिकटतात आणि लक्ष्य जनुकाला हात न लावता वाढ रोखतात. सी-मिक या कर्करोगाशी संबंधित जनुकावरच्या सुरुवातीच्या अँटीसेन्स कामात हीच फसगत झाली होती. म्हणून एकाच एमआरएनएवरच्या वेगवेगळ्या जागांचे दोन गॅपमर, आणि त्याच लांबीचे, त्याच रसायनाचे पण लक्ष्याला न जुळणारे दोन कंट्रोल, असा संच घ्या. एकटा गॅपमर स्वस्त पडतो, पण त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

नळी उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, पावडर झाकणाला चिकटलेली असते. १० नॅनोमोलला १०० मायक्रोलिटर टीई बफर घातलं की १०० मायक्रोमोलर स्टॉक होतो. २४ खणांच्या प्लेटमध्ये ५०० मायक्रोलिटर माध्यमाला १० नॅनोमोलर हवं असेल तर या स्टॉकचे ०.०५ मायक्रोलिटर लागतील, आणि तेवढं पिपेटने घेता येत नाही. आधी १ मायक्रोमोलरचं द्रावण करा आणि त्यातले ५ मायक्रोलिटर घ्या.

खरी डोकेदुखी हेपजी-२ या यकृत-कर्करोगाच्या पेशीरेषेची. त्या पेशी गुठळ्या करून वाढतात आणि गॅपमर पेशीत नेणारे लिपिडचे कण गुठळीच्या आत पोचत नाहीत. ट्रिप्सिननंतर (पेशी सोडवणारं एन्झाइम) पेशी सुट्या झाल्याचं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय पेरू नका. फक्त लिपिड दिलेला खणही हवाच, कारण लिपिडचा स्वतःचा विषारीपणा कमी नसतो.

आरटी-क्यूपीसीआरने एमआरएनए २४ तासांनी, प्रथिन ४८ तासांनी, वाढ ७२ तासांनी मोजा. प्रायमर (या चाचणीतले सुरुवातीचे छोटे डीएनए तुकडे) कापाच्या जागेच्या दोन बाजूंना ठेवा, नाहीतर कापलेला तुकडाही मोजला जातो आणि गॅपमर निकामी ठरतो. वाढीसाठी नुसत्या एमटीटीवर (जिवंत पेशी रंगावरून मोजणारी चाचणी) विसंबू नका. सर्व्हायव्हिन गेलं की पेशीविभाजन अर्धवट राहतं, पेशी फुगून बहुकेंद्रकी होतात. संख्या घटलेली असते, पण मोठ्या पेशी एमटीटीचा रंग जास्त देतात आणि परिणाम प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. ट्रिपॅन ब्लू (मेलेल्या पेशी रंगवणारा रंग) घालून मोजणी सोबत कराच.

हेपजी-२ मध्ये पी५३ हे गाठ रोखणारं जनुक शाबूत आहे, हेप३बी या दुसऱ्या यकृत-कर्करोगाच्या पेशीरेषेत नाही, म्हणून दोन्ही पेशीरेषांवर चाचणी घ्या. लिपिड वापरून पेशीत सोडणार असाल तर गॅलनॅक (यकृतपेशींकडे नेणारी साखर) जोडलेल्या महागड्या आवृत्तीवर खर्च करू नका. गॅलनॅकचा ग्राही निरोगी यकृतपेशींवर भरपूर असतो, पण कमी विभेदित गाठींमध्ये तो घटतो.